आधी नोंद, मग नाव: फाल्गुन-चैत्रात मराठवाड्यात फुलपाखरं, पतंग आणि अळ्या कशा नोंदवायच्या

होळीच्या आसपास लोक फुलपाखरांचे फोटो पाठवायला लागतात आणि खाली एकच प्रश्न असतो, हे कोणतं? फोटो बऱ्याचदा चांगला असतो, पण कुठं काढला विचारलं तर "शेतात", कधी विचारलं तर "मागच्या आठवड्यात असंल", कोणत्या झाडावर बसलं होतं विचारलं तर "झाडाकडं लक्षच नव्हतं". मग नाव सांगूनही काही उपयोग नसतो, कारण नोंद झालेलीच नसते. कुठं, कधी, कशावर, किती आणि कोणी बघितलं, एवढं असलं की नाव दोन वर्षांनीसुद्धा लागू शकतं. नाव आहे आणि बाकी काही नाही, तर तो फक्त फोटो.

दुसरं म्हणजे आपल्याकडं फुलपाखरांचा खरा भर पावसाळ्यात आणि त्यानंतर असतो, वसंतात सगळं वाळत चाललेलं असतं आणि संख्या कमी दिसते, म्हणून लोक या दिवसांत वही काढतच नाहीत. पण कोण टिकून आहे, कुठल्या झाडावर आहे, कुठल्या ओलीवर जगतंय हे कळायचे दिवस हेच. खाली क्रम दिलाय, तो मोडू नका.

१. आधी जागा ठरवा

बहुतेक लोक इथंच चुकतात. एकदा गाडी काढून गौताळ्याला किंवा येडशी-रामलिंगला जायचं, ढीगभर फोटो काढायचे आणि मग वर्षभर काही नाही. ती जंगलं भारीच आहेत, जरूर जा, पण नोंदीसाठी घरापासून पायी जाता येईल अशी एक जागा धरा, जिथं दर आठवड्याला जाणं जमेल. शेताचा बांध, मोसंबीची बाग, कालव्याची कड, गावाबाहेरचा ओढा, शहरात असाल तर एखादा जुना बगीचा.

जागेत तीन गोष्टी बघा: अळ्यांना खायची झाडं, मध असलेली फुलं आणि ओल. मार्चनंतर ओल सगळ्यात महत्त्वाची. हापशाखालचा चिखल, जनावरांच्या हौदाची कड, ठिबकची गळकी नळी, कालव्याचा पाझर, अशा ठिकाणी फुलपाखरं ओल्या मातीतून क्षार ओढायला बसतात, त्यात जास्त करून नर असतात. फुलांसाठी घाणेरी आणि एकदांडी, म्हणजे आपला दगडी पाला, एवढं असलं तरी पुरे.

मग त्या जागेत ३०० ते ५०० मीटरची एक वाट ठरवा. कुठून सुरू, कुठं संपली, मधे कोणती झाडं, हे वहीच्या पहिल्या पानावर कच्च्या नकाशासारखं काढून ठेवा. वाट बदलायची नाही.

सावधान: शेत दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा. "काका, फुलपाखरं मोजायचीत, पिकाला हात लावणार नाही" एवढं सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही, आणि फवारणी कधी झाली हेही तिथंच विचारून घ्या, ताज्या फवारणीच्या रानात शिरू नका. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, पान नाही, अळी नाही, कोषही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली काही फुलपाखरांनाही संरक्षण आहे, त्यामुळं पकडून टाचणीला लावायचा विचार डोक्यातून काढूनच टाका.

२. वेळ आणि सामान

फेब्रुवारीत सकाळी नऊ ते साडेअकरा चालतं. मार्चच्या मध्यानंतर साडेसात-आठलाच वाटेवर पाहिजे आणि साडेदहाला परत. दुपारी ऊन चढलं की फुलपाखरं सावलीत पानाखाली जाऊन बसतात आणि तुम्हालाही चक्कर यायची, एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर जातो हे सांगायला नको. संध्याकाळी चारनंतर परत थोडी हालचाल असते. ढगाळ दिवस, सोसाट्याचा वारा असेल तर मोजणी पुढं ढकला. अवकाळी किंवा गारपीट झाली तर मात्र दुसऱ्या दिवशी मुद्दाम जा, काय वाचलं याची नोंद तेव्हाच होते.

सामान फार नको. फोन, छोटी वही, पेन्सिल (पेन घामानं पसरतो), सहा इंची पट्टी, साधं भिंग, टोपी, पाणी, आणि बंद बूट. चप्पल घालून बांधावर जाऊ नका, वाळलेल्या पाचोळ्यात साप-विंचू याच दिवसांत निघतात.

तपासा: निघायच्या आधी फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू आहे का. पोर्ट्रेट मोड आणि ब्युटी फिल्टर बंद. पोर्ट्रेट मोड पंखांच्या कडा पुसट करतो आणि ओळख पटते ती कडांवरूनच.

३. वाटेवर चालताना

एका संथ चालीनं चालायचं. दोन्ही बाजूंना साधारण अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यात जे येईल तेच मोजायचं. लांब झाडावर काहीतरी उडालं तर ते मोजणीत नाही, वेगळं टिपून ठेवा. जाताना मोजलं की येताना मोजायचं नाही, नाहीतर एकच प्लेन टायगर फुलपाखरू चारदा लिहिलं जातं.

फोटोसाठी थांबलात तर घड्याळ थांबलं असं धरा, फोटो झाला की परत चाल सुरू. काही दिसलंच नाही तर "शून्य" असं लिहा. लोकांना वाटतं काही नव्हतं तर लिहायचं काय, पण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात या वाटेवर काही नव्हतं, ही पुढच्या वर्षी कामाला येणारी माहिती आहे, आणि रिकाम्या पानावरून ती कळत नाही, कारण तुम्ही गेला होता की नव्हता हेच समजत नाही.

४. फोटो, याच क्रमानं

पहिला फोटो लांबूनच घ्या, जिथून दिसलं तिथून. उडून गेलं तरी हातात काहीतरी राहतं. मग एक पाऊल, एक फोटो. तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की उडालंच समजा.

दुसरा फोटो पंखांच्या खालच्या बाजूचा, आणि हीच बाजू लोक सोडतात. पंख उघडे असले की रंग छान दिसतात म्हणून सगळे वरूनच काढतात, पण ती छोटी निळी फुलपाखरं, पिवळी ग्रास यलो, इमिग्रंट, यांची ओळख खालच्या ठिपक्या-रेघांवरच पटते. वरची बाजू मिळाली तर तिचाही घ्या. तिसरा डोक्याचा, मिशा दिसतील असा. फुलपाखराच्या मिशीचं टोक गाठीसारखं जाड असतं, पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. पंख मिटून बसलं म्हणजे फुलपाखरू आणि पसरून बसलं म्हणजे पतंग, हे खात्रीचं नाही, आणि दिवसा उडणारे पतंगही असतातच, फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंड घालणारा हमिंगबर्ड हॉकमॉथ बघून लोक त्याला छोटा पक्षी म्हणतात.

चौथा फोटो झाडाचा: एक पान जवळून आणि एक पूर्ण झाड. हा न काढता पुढं जायचं नाही.

एक उदाहरण नीट बघा, कारण ही चूक दर वसंतात होते. रुईजवळ केशरी फुलपाखरू दिसलं की सगळे प्लेन टायगर लिहितात. पण डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब तशीच दिसते. मागच्या पंखाकडं बघा: प्लेन टायगरला पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात, डॅनेड एगफ्लायच्या मादीला पुढच्या कडेला एकच. आणि तिचा नर पूर्ण वेगळा, काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांना जांभळी झाक. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर असतात, रुईवर नाही. मागचा पंख फोटोत नसेल तर फरक सांगताच येत नाही.

५. वहीत तिथंच लिहा

घरी जाऊन लिहू म्हणलं की अर्धं जातं. एका फेरीला एक पान, असं काहीतरी:

"१४ मार्च, सकाळी ८.१० ते ८.५५. कालव्याची वाट. ऊन, वारा कमी. लाइम ३, एक मादी कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालताना. प्लेन टायगर ५. लहान निळं, नाव माहीत नाही, २, ओल्या मातीवर, फोटो आहे. ओल फक्त हौदापाशी. एकदांडी फुलली, घाणेरी सुकत चालली."

"नाव माहीत नाही" लिहायला कचरू नका. अंदाजानं नाव लिहून टाकलं आणि ते चुकीचं निघालं तर पानावरच्या बाकी नोंदींवरही कुणाचा विश्वास राहत नाही.

जागा लिहिताना गाव, तालुका, जिल्हा, आणि शक्य असेल तर नकाशावरचे अक्षांश-रेखांश. आपल्याकडं तर हे करायलाच पाहिजे, कारण जुन्या नोंदी औरंगाबाद, उस्मानाबाद नावानं आहेत आणि नव्या छत्रपती संभाजीनगर, धाराशिव नावानं, आकडे दिले की गोंधळच नाही.

६. अळी शोधायची तर झाड धरा

अळी शोधत फिरलं तर अळी सापडत नाही, झाड शोधलं तर सापडते. वसंतात नवी पालवी फुटते त्या झाडांपासून सुरुवात करा. लिंबू, मोसंबी, कढीपत्ता, बेल यांच्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या अळ्या. रुईवर प्लेन टायगर. बहावा आणि कासोदवर कॉमन इमिग्रंट. एरंडीवर कॉमन कॅस्टर, आणि त्याच एरंडीवर पान कुरतडणारी उंटअळी, म्हणजे सेमीलूपर, ती पतंगाची. कण्हेरीवर कॉमन क्रो आणि ओलिएंडर हॉकमॉथ दोन्ही. सीताफळ आणि तो उंच सरळ वाढणारा खोटा अशोक, यांवर टेलेड जे. पानफुटीवर रेड पिअरो. आंब्यावर कॉमन बॅरन, तिची अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी चिकटून बसते की समोर असून दिसत नाही. डोंगराकडं तेंदू असेल तर बॅरोनेट.

सोपी युक्ती अशी की फुलांकडं ढुंकूनही न बघता एकेका पानावर क्षणभर टेकून पुढं जाणारं फुलपाखरू दिसलं तर थांबा. ती मादी आहे आणि पान तपासतीय. पोट वाकवून पानाला टेकवलं की ती गेल्यावर तेच पान बघा. लाइमचं अंडं खसखशीपेक्षा थोडं मोठं, गोल, फिकट पिवळं, बहुतेक कोवळ्या पानावर एकटंच.

लाइमच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळ्या-पांढऱ्या दिसतात, शेवटची कात टाकली की हिरव्यागार होतात. लोक दोन वेगळ्या जाती म्हणून लिहितात. तिला हळूच काडी लावली तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, एवढं बघून खात्री होते, परत परत डिवचू नका.

रंगावरून अळी ओळखायची नाही, हे शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको, हरभऱ्यातली घाटेअळी एकाच शेतात हिरवी, तपकिरी, गुलाबी झाक असलेली दिसते. मक्यावरच्या अळीचं डोकं आणि शेपटी बघा: डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडं चौकोनात चार ठळक काळे ठिपके असतील तर ती अमेरिकन लष्करी अळी, जी भारतात २०१८ मध्ये पहिल्यांदा सापडली. म्हणून अळीचे फोटो तीन: पाठ, बाजू, डोकं. शेपटीला शिंग असेल तर हॉकमॉथ कुळातली असण्याची शक्यता जास्त. रुईवर काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली अळी असेल तर तिच्या अंगावरचे काळे लांब तंतू मोजा, प्लेन टायगरला तीन जोड्या. कण्हेरीवरच्या कॉमन क्रोला चार.

तपासा: पोटाखालचे मांसल पाय मोजा. फुलपाखरू-पतंगाच्या अळीला ते पाचपेक्षा जास्त जोड्या नसतात. मोहरी-मुळ्यावर काळपट अळी असेल आणि जोड्या त्याहून जास्त भरल्या तर ती मोहरीवरची काळी माशी, म्हणजे सॉफ्लाय, ती आपल्या यादीतली नाही.

सावधान: केसाळ सुरवंटाला हात लावू नका. शेवग्याच्या खोडावर घोळक्यानं बसणारे तर नाहीच. केस लागलेच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबणानं धुवा. डोळ्यात गेला तर घरगुती उपाय नको, सरळ दवाखाना.

७. अळी घरी आणायची असेल तर

गरज असेल तरच, म्हणजे नाव लागत नाही आणि शेवटचं रूप बघायचंय तेव्हाच, आणि एखादीच. फवारणी झालेल्या बागेतली अजिबात आणू नका, दोन दिवसांत मरते.

रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा, तळाला कागद, तोंडाला पातळ सुती कापड आणि रबर. ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पानं, दुसरी नाही. देठ ओल्या कापसात गुंडाळा, उघडं पाणी ठेवलं तर अळी त्यात पडून मरते. लेंड्या रोज काढा, बुरशी धरते ती तिथूनच. डबा उन्हात नको आणि बंद गाडीत तर नकोच. खोलीत मच्छरचं लिक्विड, कॉइल, स्प्रे काही चालू नको. आपल्याकडं रेशीम करणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो तुतीच्या अळ्यांच्या जवळ फवारणीचा पंप येऊ देत नाही, इथंही नियम तोच.

अळी दिवसभर न खाता एका जागी गप्प बसली तर ती आजारी आहे असं समजून हलवू नका, बहुतेक कात टाकायची तयारी असते. पूर्ण वाढली की भटकायला लागते, तेव्हा डब्यात एक उभी काडी ठेवा. लाइम रेशमाच्या दोऱ्याचा पट्टा कमरेला बांधून कोष करते, प्लेन टायगर उलटी लटकते. कोष काळपट होऊन आतले पंख दिसायला लागले की एखाद्या दिवसात बाहेर येतं. पंख सुकायला तास-दोन तास लागतात, तोपर्यंत हात नाही, फोटोच्या नादात फांदी हलवणं नाही. मग जिथं अळी सापडली तिथंच सोडा.

कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशा किंवा माशा निघाल्या तर डबा फेकून देऊ नका. त्या परजीवी आहेत, कोणत्या अळीतून निघाल्या हे लिहिलं तर ती फुलपाखराच्या नोंदीपेक्षाही दुर्मिळ नोंद ठरू शकते.

८. रात्री पतंगांसाठी पडदा

पांढरी सुती चादर दोरीवर ताणून बांधा, खालचा एक हात भाग जमिनीवर पसरू द्या आणि त्यावर दगड ठेवा, फाल्गुनात संध्याकाळी वारा सुटतोच. समोर निळसर-पांढरा एलईडी बल्ब लावा, पिवळा बल्ब चालत नाही. भारनियमनाची वेळ बघून चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवा. अंगणातले बाकी दिवे बंद.

अमावस्येच्या आसपास पतंग जास्त येतात, चांदण्यात कमी. घरची माणसं अमावस्येला बाहेर बसू देत नसतील तर दोन दिवस आधी किंवा नंतर, काही फरक पडत नाही.

दिवेलागणीपासून साडेदहापर्यंत बसा आणि दर अर्ध्या तासानं काय आलं ते वेगळं लिहा, कारण सगळे पतंग एकाच वेळी येत नाहीत. पतंगाच्या शेजारी पट्टी धरून फोटो काढा, नुसत्या चादरीवर आकार कळत नाही. बोटानं उचलू नका, खवले निघतात आणि ओळखीच्या रेघा त्यातच असतात.

सावधान: दिवा रात्रभर ठेवून झोपू नका. पहाटे पक्षी येऊन चादरीवरचे पतंग टिपतात. उठताना दिवा बंद करा, चादर हलकेच झटकून घडी करा.

९. नाव आता

आता पुस्तक, आयनॅचरलिस्ट ॲप, बटरफ्लाइज ऑफ इंडिया आणि मॉथ्स ऑफ इंडिया या वेबसाइट, काय उघडायचं ते उघडा. ॲपनं सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून घेऊ नका, ते नाव आपल्या भागात नोंदलंय का आणि त्याचं खाद्य झाड तुमच्या फोटोतल्या झाडाशी जुळतं का, हे बघा.

कोरड्या दिवसांतली रूपं वेगळी असतात, इथं मोठी गल्लत होते. कॉमन इव्हिनिंग ब्राउनच्या पंखाखाली पावसाळ्यात डोळ्यांसारखे गोल ठिपके स्पष्ट असतात, आत्ता ते जवळपास नाहीसे होऊन सगळं वाळक्या पानासारखं दिसतं. पँझी फुलपाखरांच्या पंखांची टोकंही या दिवसांत जास्त कोनदार होतात. दोन वेगळी फुलपाखरं म्हणून लिहू नका.

जात ठरत नसेल तर जीनसपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत थांबा. लहान पतंगांच्या बाबतीत तर कित्येकदा कुळापर्यंतच पोचता येतं, आणि तेवढं बरोबर असेल तर ते पुरेसं आहे.

१०. नोंद ॲपवर टाकताना

फोटो व्हॉट्सॲपवरून घेऊन टाकू नका. फोटो म्हणून पाठवला की त्यातली मूळ वेळ आणि जागा निघून जाते, आणि मग तुम्ही घरी बसून टाकलं तर नोंद तुमच्या घरावर आणि आजच्या तारखेला पडते. मूळ फाइलच वापरा, दुसऱ्याकडून घ्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. टाकल्यावर नकाशावरची खूण एकदा डोळ्यांनी बघा. स्वतःच्या अंगणातली नोंद असेल तर जागा अंदाजे दाखवायचा पर्याय निवडा.

घरी वाढवलेल्या अळीची मूळ नोंद अळी सापडली त्या तारखेची आणि जागेची. डब्यातून निघालेल्या फुलपाखराचे फोटो टाकले तर ते पाळलेलं आहे असं स्पष्ट लिहा.

शेतातल्या किडीबद्दल शंका असेल, म्हणजे अळी पिकाचं नुकसान करतेय आणि फवारायचं की नाही हा प्रश्न असेल, तर ॲपच्या नावावर फवारणी ठरवू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात अळी आणि पान दोन्ही दाखवा.

वहीचं पान मात्र फाडू नका, ॲपवर सगळं टाकून झालं तरी. शून्य लिहिलेल्या फेऱ्या, ओल कुठं होती, कोणतं झाड कधी फुललं, हे तिथंच राहतं, आणि पुढच्या फाल्गुनात त्याच वाटेवर निघण्याआधी मागचं पान वाचून जा.